चार बोटं जागा

"मॅडम, तुमच्याकडे लॅपटॉप आहे ना?" एवढ्या एका पात्रतेवर सोसायटीच्या सेक्रेटरींनी कोजागिरीचं पोस्टर माझ्या गळ्यात घातलं. घरात पोळपाट आहे म्हणजे पुरणपोळी येतच असणार, तशातलं हे. पण मी नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर असलं काहीतरी आपल्याला कुणी सांगावं, असं मला फार वर्षं वाटत होतं.

लॅपटॉप लेकीचा. त्यात तिने फोटोशॉप घेऊन ठेवलेलं. दुपारी भांडी विसळून झाल्यावर आणि चहा टाकायच्या आधी जो एक तास कुणाच्याच मालकीचा नसतो, त्या तासात मी ते उघडलं. डावीकडे हत्यारांची उभी पट्टी. फास, शिक्का, खोडरबर आणि चक्क एक जादूची कांडी! दुधाच्या पेल्याचा एक फोटो घेतला आणि मागची पांढरी भिंत उडवायला कांडी फिरवली, तर भिंतीबरोबर दूधही गेलं. बरोबरच आहे. पांढरं ते पांढरं, त्यात केशर घातलंय हे कांडीला काय कळणार?

मग लेअर. एकावर एक पारदर्शक थर, प्रत्येकावर एकेक वस्तू. फोटोशॉपमध्ये हे थर १९९४ साली आले म्हणे. त्याआधी ज्यांनी सगळं एकाच थरावर निभावलं, त्यांना माझा नमस्कार, कारण मला थर असूनही जमत नव्हतं. चंद्रावर लिहिलेली अक्षरं चंद्रामागे जाऊन बसायची. मी जीव तोडून चंद्राची कड घासतेय आणि पुसला जातोय पेला.

आणि अक्षरं तरी कसली! 'कोजागिरी' लिहिलं तर पहिली वेलांटी ग ला सोडून पुढच्या र च्या अंगाला जाऊन बिलगली. 'पौर्णिमा'मधला रफार खाली उतरून पाय मोडलेला र होऊन उभा. आमच्या दुसरीच्या बाईंनी हातावर पट्टीच ओढली असती. दोन दुपारी मी तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा लिहिले, जणू कीबोर्ड जोरात दाबला तर वेलांटी घाबरून जागेवर येईल. दोष माझ्या अडाणीपणाचा होता. लेकीने संध्याकाळी आल्या आल्या कुठल्याशा सेटिंगमध्ये शिरून 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असं काहीतरी निवडलं, सगळं बंद करून पुन्हा उघडलं आणि वेलांटी घरी परतली. अरबी आणि मराठी एकाच खणात ठेवलेत हे मला कुठून सुचणार?

फॉन्ट मला एकच माहीत, मंगल. र. कृ. जोशींनी घडवलेला आणि विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला. वीजबिलाच्या तक्रारीपासून लग्नाच्या बायोडेटापर्यंत आपण सगळं त्यातच लिहीत आलो. पण पोस्टरवर तो ऑफिसातून थेट लग्नाला आलेल्या माणसासारखा दिसतो. लेकीने 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा मोदक नावाचा फॉन्ट फुकटात उतरवून दिला. इतका गुबगुबीत, की अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या रेघेएवढ्या उरतात. त्यात 'मसाला दूध' लिहिलं आणि वाचूनच पोट भरलं.

फक्त दोन ओळी जवळ घेतल्या, की वरच्या 'दूध'चा उकार खालच्या 'गच्चीवर'च्या वेलांटीत अडकायचा. ते पाहताना मला एकदम कराडचे पेंटरकाका आठवले.

त्यांना दुसरं नाव असेलच, पण आम्हाला कधी लागलं नाही. त्या बाजूला पेंटर हेच आडनाव होऊन जातं. शंभर वर्षांपूर्वी सिनेमाची कंपनी काढणारे बाबूराव मेस्त्रीसुद्धा कोल्हापूरला बाबूराव पेंटरच राहिले. आमचे काका दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची फळकी आणि निवडणुकीच्या भिंती रंगवायचे. गणपतीच्या आधी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भिंतीवर मंडळाचं नाव यायचं, तेव्हा दोरी धरायला मी. दोरी निळीत बुडवलेली. एक टोक माझ्याकडे, दुसरं त्यांच्याकडे. "पोरी, घट्ट धर. हलायचं न्हाई." मग ते मधोमध दोरी चिमटीत ओढून सोडायचे. टण्ण. पांढऱ्या भिंतीवर सरळ निळी रेघ आणि माझ्या फ्रॉकवर बारीक निळे शिंतोडे.

त्या रेघेच्या वर ते हात आडवा धरून मापायचे. "वर चार बोटं सोडायची. वेलांटी, मात्रा, रफार वर ऱ्हात्यात. खाली तीन. उकार खाली ऱ्हातो." चाळीतल्या बिऱ्हाडांबद्दल बोलावं तसं. मग उजव्या मनगटाखाली काठी टेकवून, ब्रश न थरथरवता, शिरोरेघेपासून खाली एकेक अक्षर.

इतकं मापूनही एका वर्षी त्यांची भिंत संपली. 'मित्र मंडळ'मधला शेवटचा ळ उरला आणि पुढे पावसाच्या पाण्याचा पाइप. काकांनी बिडी ओढत थोडा विचार केला आणि ळ पाइपावर काढला. पुढची कितीतरी वर्षं तो तिथे होता, गोलाईवरून वळलेला. समोरून 'मंड' दिसायचं आणि कोपऱ्यावरून आलं की नुसता ळ. मला तो फार आवडायचा. शाळेतून येताना मी मुद्दाम कोपऱ्यावरून यायचे.

तर मी चार बोटं सोडली. ओळींमधलं अंतर वाढवलं, गर्द निळं आकाश मोकळं ठेवलं, वर चंद्र, खाली पेला. तासभर बघत बसले. चहाची वेळ टळली.

सेक्रेटरींनी बघितलं आणि म्हणाले, "छान आहे मॅडम, पण इथं जागा वाया गेलीय."

चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सना मी आजवर खूप हसलेय. मध्ये गॉगल लावलेले भाऊ आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी, हरभरे सांडावेत तशी. आता माझ्याच आकाशात एकेक जण यायला लागला. अध्यक्ष, खजिनदार, दूध सौजन्य, मंडप सौजन्य, महिला प्रतिनिधी. एकूण सतरा नावं. सतरावं माझं, आणि ते मी काढून टाकलं नाही हेही कबूल करते. शेवटी चंद्रालाच बारीक करून कोपऱ्यात सरकवावं लागलं.

छापून आलं तेव्हा वेगळीच मजा. पडद्यावरचा तो झगमगीत निळा रंग छपाईच्या शाईत नसतोच, त्यामुळे आकाश वांग्याच्या भरतासारखं झालेलं. शिवाय मी सगळं मोबाइलच्या मापाने केलेलं, १०८० पिक्सेल रुंद. ए-थ्री कागद नीट छापायचा तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात, हे दुकानातल्या मुलाने मला फार प्रेमाने आणि फार उशिरा सांगितलं. चंद्राच्या कडेला पायऱ्या आल्या होत्या.

लिफ्टशेजारी ते लागलं. ते उभं राहून संपूर्ण वाचणारा माणूस मी एकच पाहिला, तळमजल्यावरचे काका. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सतराच्या सतरा नावं वाचली आणि म्हणाले, "चंद्राला जागा कमी पडली हो." मला तेवढ्यावर त्यांना एक पेला जास्त द्यावासा वाटला. गच्चीवर दिलाही.

तेव्हापासून मी पोस्टरवाल्या मॅडम. हळदीकुंकू, टाकीची सफाई, शनिवारी पाणी नाही, सगळं माझ्याकडे. हात थोडा बसलाय. पेल्याभोवतीची भिंत आता दूध न सांडता काढता येते.

फेब्रुवारीत एका रात्री अकराला सेक्रेटरींचा फोन आला. आवाज वेगळाच. "मॅडम, एक फोटो पाठवतो. सकाळी गेटवर लावायचंय. काकांचा दुसरा चांगला फोटोच नाही हो कुणाकडे."

फोटो कोजागिरीचा होता. गच्ची, मागे माळेचे दिवे, काका चौकटीच्या शर्टात, हसताना. हातात कागदी पेला. तो कडेला होता, सहज कापला गेला. मागचे दिवे काढले, करडा रंग भरला. काकू शेजारीच उभ्या होत्या, त्याही फ्रेमबाहेर गेल्या. उरला त्यांचा हात, काकांच्या खांद्यावरचा.

शिक्क्याचं हत्यार घेऊन मी शर्टाची चौकट उचलून त्या हातावर ठेवत गेले. मनगट गेलं, बांगड्या गेल्या. पण चौकटीच्या रेघा जुळेनात. एक जुळवली की दुसरी तिरकी. शंभर पटींनी मोठं करून बघितलं की नुसते रंगीत चौकोन, आणि लहान केलं की परत बोटं. दीड वाजला. लेक उठून आली, मागे उभी राहिली आणि काही न बोलता परत गेली.

वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' मंगलमध्येच लिहिलं. एकही नाव घातलं नाही. बोटं तशीच ठेवून फाइल पाठवून दिली.

सकाळी गेटवर काकू त्या फलकासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मी खिडकीतून बघत होते, खाली गेले नाही.