नकाशांची बेगमी

मे महिना अर्धा सरला की आमच्या गावच्या घरात आगोटीची धांदल सुरू होते. सुकट, सोलं, फणसाची साठं, मीठ, काड्यापेट्यांचे पुडे आणि पडवीत रचलेली लाकडं. पाऊस लागला की बाजाराचं नाव नको, हा काकूचा हिशेब. आता रस्ता आला, दुकानं आली, तरी हिशेब तोच. मी पुण्यात राहतो, वाण्याचं दुकान जिन्याखाली आहे. पण खोड रक्तात असावी, कारण गावाला निघायच्या आठवडाभर आधी मीही भरायला घेतो. लॅपटॉपवर, नकाशे.

गाव महाड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. मोबाइलची रेंज घरात येत नाही. विहिरीवरच्या बांधावर येते, तीही वारा असेल तसा. गूगल मॅप्सचा तुकडा फोनमध्ये आधी उतरवून ठेवता येतो, हे खरं. पण वीतभर काचेत घाटवाटा शोधणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघणं. मला मोठा पडदा हवा होता, आणि कॉम्प्युटरवर ती सोय नाही.

सुरुवात मी अडाण्यासारखी केली. नकाशा सरकवत सरकवत साठेक स्क्रीनशॉट काढले आणि पेंटमध्ये एकाला एक जोडले. जोडताना हात हलला. एक वाडी दोनदा आली आणि नदीचं एक वळण कायमचं गायब झालं.

मग कळलं की पडद्यावरचा नकाशा हा मुळात तुकड्यांचाच असतो. त्यांना टाइल म्हणतात. अगदी दूरून पाहिलं तर सगळी पृथ्वी २५६ बाय २५६ ठिपक्यांच्या एका टाइलीत मावते. एक पायरी जवळ गेलं की त्या एकीच्या चार होतात, आणखी एक पायरी, सोळा. गल्लीबोळ दिसतात त्या अठराव्या पायरीवर साऱ्या जगाच्या टाइली होतात ६,८७१ कोटींच्या वर. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट लहानपणी ऐकली होती, पण त्यात राजा निदान दुपटीनेच बुडाला होता.

या टाइली भराभर ओढून आणणारी सॉफ्टवेअरं मिळतात. मीही एक लावलं, ते ओपनस्ट्रीटमॅप नावाच्या नकाशावरून टाइली ओढायचं. नंतर त्या नकाशाचे नियम वाचले आणि कानकोंडा झालो. हा नकाशा २००४ साली स्टीव्ह कोस्ट याने इंग्लंडमध्ये सुरू केला. जगभरची माणसं आपापला रस्ता, आपापली विहीर त्यात स्वतः काढतात. टाइली वाढणारे त्याचे सर्व्हर देणग्यांवर चालतात. तिथून घाऊक टाइली उचलू नका, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. म्हणजे मी पंगतीत बसून पिशवीतल्या डब्यात जिलब्या भरत होतो.

गंमत अशी की त्याच घरी शिधा मागितला तर पोतंभर मिळतो. टाइल म्हणजे वाढलेलं पान. त्यामागची कच्ची माहिती, म्हणजे कोणता बिंदू कुठे, कोणती रेघ रस्ता, कोणती ओढा, ती सगळीच्या सगळी उतरवून घ्यायला कोणाचीच ना नाही. पानात आमटी वाढून मिळत नाही, डाळ मिळते, शिजवायची आपण. जर्मनीत कार्ल्सरूहे गावी जिओफाब्रिक नावाची कंपनी आहे, ती जगाचे देशवार, प्रांतवार वाटे करून ठेवते आणि रोज ताजे करते. भारताच्या वाट्यांत एक पश्चिम विभाग आहे, त्यात महाराष्ट्र, गोवा, गुजरात. आमच्या वाडीचा शिधा कार्ल्सरूहेहून येतो हे काकूला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘तिथे तरी कोणाला ठाऊक आहे म्हणायची.’’

शिधा आणला, आता चूल. क्यूजीआयएस नावाचं नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ती फाइल टाकली. बराच वेळ चक्र फिरलं आणि पडद्यावर गुलाबी केसांचा गुंता उमटला. क्यूजीआयएस आपल्या मनाने कोणता तरी रंग देतं, आणि या फाइलीत रेघ म्हणून जे जे असेल ते एकाच थरात येतं. सावित्री नदी, मुंबई-गोवा महामार्ग, पायवाट, विजेची तार, सगळं एका माळेचं, सगळं गुलाबी. मग निवडायला बसायचं, सुपात तांदूळ घेऊन बसतात तसं. प्रत्येक रेघेला चिठ्ठी जोडलेली असते: ही पाण्याची, ही गाडीची, ही पायाची. पाण्याला निळा दिला, पायवाटेला तुटक काळा. रात्री दोन वाजता सावित्री निळी झाली तेव्हा झोपलेल्या बायकोला उठवून दाखवली. तिने एक डोळा उघडून ‘‘छान’’ म्हटलं, त्यावर मी समाधान मानलं.

सह्याद्री मात्र अजून सपाट होता. उंचीची माहिती वेगळी मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये नासाचं एंडेव्हर हे अवकाशयान अकरा दिवस रडारने पृथ्वी मोजत फिरलं. त्या मोजणीच्या फाइली प्रत्येकी एक अंश बाय एक अंशाच्या आहेत. साधारण दर तीस मीटरवर एक उंची, एवढंच त्यात असतं. चित्र नाही, नाव नाही, नुसते आकडे. आमच्या फाइलीचं नाव एन१८ई०७३, म्हणजे उत्तर अक्षांश १८, पूर्व रेखांश ७३. आकार पंचवीसेक एमबी, आणि त्यात रायगड, राजगड, तोरणा, सिंहगड, पुरंदर, लोहगड! शिवनेरी तेवढा लगतच्या उत्तरेकडच्या फाइलीत जातो आणि प्रतापगड दक्षिणेकडच्या. म्हणजे महाराजांचा जन्म एकोणीसमध्ये, अफझलखान सतरामध्ये आणि राज्याभिषेक अठरामध्ये. लिंगाण्याची मात्र कीव आली. तो सुळका तीस मीटरच्या चाळणीतून जाताना बोथट होतो, गुळाच्या ढेपेसारखा.

ही बेगमी शिळी होते, हे मान्य. माझ्याकडे २०२१ची फाइल आहे. तिच्यात कशेडीचा घाट अजून पूर्वीसारखाच गरगर फिरवतो. डोंगराखालून जाणारा बोगदा गाड्यांना खुला झाला २०२३च्या गणपतीत. नवी फाइल उतरवली, पण जुनी पुसवत नाही. लहानपणी एसटीत त्याच वळणांवर मी पिशवीत तोंड घालून बसलेलो असायचो. फोनला असला मोह नसतो, तो गुपचूप नवं घेतो आणि जुनं विसरतो.

मागच्या मे महिन्यात लॅपटॉप ओटीवर उघडला होता. काका आले, चष्मा पुसून वाकले आणि म्हणाले, ‘‘यात आपण कुठे रे?’’

मी बोट दाखवायला गेलो आणि अडलो. फोनवर निळा ठिपका असतो. तो सांगतो, तुम्ही हे इथे. या नकाशाला आम्ही कोण, कुठे बसलोय, काही पत्ता नाही. मला इतकी सवय झालेली की स्वतःचं घर सापडेना. काकांनी मला बाजूला सारलं. नदी धरली, तिच्यावर बोट ठेवून उलटे वर आले, दुसऱ्या पऱ्याशी, म्हणजे ओढ्याशी, वळले आणि थांबले. ‘‘हा गोठा. हा माड. इथे तू बसलायस.’’

मग ते बोट डोंगराला लागलं. मढे घाट त्यांना लगेच सापडला. तानाजींचं शव उमरठला नेलं ते त्या वाटेने असं सांगतात, हेही त्यांनी ऐकवून टाकलं. पण त्यांना हवी होती दुसरीच वाट. आजोबा खांद्यावर मिठाची गोणी घेऊन घाटावर जायचे ती. नकाशात तिथे काहीच नव्हतं, नुसत्या एकमेकींना चिकटलेल्या उंचीच्या रेघा.

‘‘काढ,’’ काका म्हणाले.

मी जोसम उघडलं, ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भर घालायचं सॉफ्टवेअर. त्यात इंटरनेट नसतानाही रेघा काढून फाइल ठेवता येते, रेंज मिळेल तेव्हा ती मूळ नकाशात चढवायची. काका सांगत गेले, मी टिंबं देत गेलो. आंब्याचा टेप म्हणजे टेकाड, तिथून डावी, पुढे एक पाण्याचं टाकं, मग पऱ्या ओलांडून पलीकडच्या अंगाने सरळ वर. ओटीवरून उठायचं काम नव्हतं. काका ऐंशीचे आहेत, गुडघे गेलेत, पण त्या दुपारी ते तासाभरात घाट चढून आले.

‘‘पलीकडून नाही हो,’’ काकू आतून म्हणाली. तिच्या हातात फणसाचे गरे होते, कोपरापर्यंत तेल माखलेलं. ‘‘पऱ्या ओलांडायचाच नाही. अलीकडून जाते ती.’’

‘‘तुला काय माहीत?’’

‘‘गवताचे भारे कोण आणायचं? तुम्ही तेव्हा मुंबईला गिरणीत होतात.’’

काका गप्प झाले. मग म्हणाले, पाऊस सरला की वाडीतल्या पोरांना पाठवू, बघून येतील. पोरं अजून गेलेली नाहीत. म्हणून ती वाट मी चढवलेली नाही. फाइल लॅपटॉपवर तशीच आहे, आणि तीत पऱ्याच्या दोन्ही अंगांनी एकेक तुटक रेघ वर जाते.