फुगा २१ किलोमीटरवर थांबवला: ऑगस्टच्या उड्डाणाची नोंद

रविवारी सकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी, मध्य आयोवातल्या बून गावाच्या उत्तरेला, गवत कापलेल्या एका मैदानातून हेलियम भरलेला लॅटेक्सचा फुगा सोडला. ८ वाजून २५ मिनिटांनी तो २१.१ किलोमीटरवर थांबला आणि पुढचे ७१ मिनिटं २०.७ ते २१.३ किलोमीटरच्या पट्ट्यातच राहिला. फुगा असा एका उंचीवर थांबवून ठेवायचा आमच्या पाचजणांच्या विद्यार्थी गटाचा हा तिसरा प्रयत्न. फुगा खरोखर थांबला तो या वेळी पहिल्यांदा, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितोय.

आधी मे महिन्यातलं सांगतो, कारण या वेळचे सगळे बदल त्यातून आलेत. तेव्हा फुग्यातला वायू सोडायला बसवलेला व्हॉल्व्ह वेळेवर उघडला, हेलियम बाहेर पडलं, चढण्याचा वेग कमी झाला. इथवर ठीक होतं. पण आमचा प्रोग्राम मागच्या ६० सेकंदांच्या सरासरी वेगावर चालत होता. सरासरी शून्यावर येईपर्यंत फुगा प्रत्यक्षात खाली यायला लागला होता आणि व्हॉल्व्ह उघडाच होता. गेलेला वायू परत भरता येत नाही आणि वरून टाकायला वजन काही ठेवलेलं नव्हतं. सेकंदाला दीड मीटर इतक्या संथ गतीने फुगा उतरत राहिला. वाटेत जोराच्या पश्चिमी वाऱ्याच्या थरात सापडून कुठल्या कुठे गेला. मिसिसिपीच्या काठावर एका झाडाच्या शेंड्याला अडकलेला पेलोड (फुग्याखाली लटकवलेलं सामान) काढायला दोन दिवस गेले.

ज्यांनी फक्त साधी उड्डाणं केली आहेत त्यांच्यासाठी एक मुद्दा. लॅटेक्सचा फुगा वर जाता जाता ताणत जातो. आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे जमिनीवर जेवढी उचल तेवढीच २० किलोमीटरवर. थांबायला त्याची स्वतःची अशी उंची नसतेच. फुटेपर्यंत तो चढत राहतो. शाळेत असताना मी जयंत नारळीकरांच्या हैदराबादच्या प्रयोगाबद्दल वाचलं होतं. २१ जानेवारी २००१ ला टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) केंद्रावरून सोडलेल्या फुग्याने ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले, त्यात सूक्ष्मजीव सापडतात का ते पाहायला. मला फुग्यांचं वेड लागलं ते तिथून. तसल्या मोठ्या वैज्ञानिक फुग्यांचं कापड पातळ पॉलिथिनचं असतं, ते ताणत नाही. फुगा पूर्ण भरला की जादा वायू खालच्या नळ्यांतून आपोआप सांडतो आणि फुगा आपल्या उंचीवर ठरतो. आपल्या लॅटेक्सच्या फुग्याला ही सोय नाही. सांडायचं काम आपल्याला करावं लागतं आणि नेमकं तेवढंच सांडावं लागतं.

नेमकं म्हणजे किती? फुगा १.५ किलोचा, खाली लटकवलेलं सगळं मिळून २ किलो. भरताना फुग्याच्या तोंडाला काटा लावून ३.१ किलो ओढ घेतली, म्हणजे जादा उचल १.१ किलो. फुगा चढतो तो या १.१ किलोच्या जोरावर. ती शून्य केली की तो थांबला. एकूण उचल ४.६ किलो, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा वायू सोडायचा. आणि या पाव हिश्श्यातलं किती गेलं हे मोजायला वर कुठलाही मीटर नाही.

पण मीटर होता, आमचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. चढण्याचा वेग जादा उचलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे वेग निम्मा झाला तेव्हा जादा उचल निम्मी नाही, पावच उरलेली असते. मे महिन्यात वेग निम्म्यावर आल्याचं पाहून 'अजून निम्मं काम बाकी' असं आम्ही धरून चाललो होतो. खरं तर पाऊण काम झालं होतं. ही एक ओळ वहीत लिहिली आणि प्रोग्राम जवळजवळ नव्याने लिहिला: पहिल्यांदा व्हॉल्व्ह ९० सेकंद उघडायचा, मग १० सेकंद उघडा, ४० सेकंद बंद. बंद असताना वेग बघायचा, त्यावरून उरलेली उचल काढायची आणि मगच पुढचा निर्णय.

वेग जीपीएसच्या उंचीवरूनच काढा. २१ किलोमीटरवर हवेचा दाब जेमतेम ४७ हेक्टोपास्कल असतो. दाबमापकात १ हेक्टोपास्कलची चूक झाली की उंची १३० मीटरने हलते. आणि यू-ब्लॉक्स कंपनीचं जीपीएस मॉड्यूल असेल तर ते एअरबोर्न मोडमध्ये (उंच उड्डाणासाठीच्या सेटिंगवर) टाकायला विसरू नका. मूळ सेटिंगवर ते १२ किलोमीटरच्या वर गप्प होतं. उड्डाणाच्या आदल्या रात्री ते मी पुन्हा तपासतो. मॉड्यूलची वीज पूर्ण गेली की काही बोर्डांवर सेटिंग पुसलं जातं, म्हणून आता प्रोग्राम दर मिनिटाला ते पुन्हा पाठवतो.

व्हॉल्व्हचा दांडा चालवणारी छोटी सर्वो मोटर आतून ग्रीसने भरलेली येते. त्या ग्रीसचं थंडीत डिंकासारखं होतं. मोटर उघडून, गिअर स्पिरिटने धुऊन, कोरडं वंगण चोळून परत बसवली. थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइस ठेवून दोन तास चाचणी घेतली. ड्राय आइस उणे ७८ अंशांवर असतो, वरच्या थंडीपेक्षाही कडक. मोटर चालली, झाकणाच्या कडेची रबराची चकती मात्र चिकटली. चकती बदलून सिलिकोनची बसवली आणि पुन्हा दोन तास.

आता मोहरी. या वेळी वजन टाकायची सोय केली. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी व्हॉल्व्ह आणि बॅलास्ट (वरून टाकायचं वजन) दोन्ही वापरून लॅटेक्सचे फुगे दीर्घकाळ तरंगत ठेवले आहेत, कल्पना तिथली. बॅलास्ट म्हणून वाळू घेऊन पाहिली. नरसाळ्यात ती अडकते, आणि जराशी ओल राहिली तरी गोठून ढेकूळ होतं. मग भारतीय दुकानातून काळी मोहरी आणली. दाणा गोल, झरझर घरंगळतो. खाली माणसांच्या डोक्यावर पडली तरी इजा नाही. इथल्या नियमांनुसार कोणाला धोका होईल असं काहीही फुग्यातून टाकता येत नाही. दुसऱ्याच्या शेतात मोहरी उगवू नये म्हणून ती ओव्हनमध्ये मंद आचेवर, तडतडू न देता भाजून घेतली. त्याने ओलही गेली. २५० ग्रॅम मोहरी बाटलीत, बाटलीच्या तोंडाशी एक भोक असलेली फिरती चकती. एका फेरीला १० ग्रॅम पडावी असा हिशोब.

उड्डाण ऑगस्टमध्ये ठेवण्यालाही कारण आहे. उन्हाळ्यात या भागात साधारण २० किलोमीटरपर्यंत वारा पश्चिमेकडून असतो आणि त्याच्या वर उलटा फिरून पूर्वेकडून मंद वाहतो. चढताना फुगा पूर्वेला जाईल, थांबल्यावर हळूहळू माघारी येईल. म्हणून लक्ष्य २०.५ किलोमीटर धरलं.

८ वाजून १६ मिनिटांनी, १९.६ किलोमीटरवर, व्हॉल्व्ह उघडला. तेव्हा वेग सेकंदाला ५.३ मीटर. ९० सेकंदांनी ३.६, म्हणजे जादा उचल ४६ टक्के उरली. मी मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो, गाडी कोलो गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभी. पुढच्या चार उघडझापींनंतर २.५. आणखी तीन झाल्यावर १.२, म्हणजे १.१ किलोतले ५५-५६ ग्रॅम उरले. गाडीत कोणी बोलत नव्हतं. मग एकदा पाच सेकंदांची उघडझाप, आणि वेगाच्या रकान्यात ०.३, ०.१, ०.२ असे आकडे यायला लागले. लक्ष्यापेक्षा ६०० मीटर वर गेलो, कारण उघडझापींच्या मधल्या वेळात फुगा चढतच राहतो. पुढच्या वेळी सुरुवात १९ किलोमीटरवर करणार.

त्यानंतर उन्हाने आतला वायू तापत गेला आणि फुगा सावकाश चढू लागला. प्रोग्रामने व्हॉल्व्ह पाच सेकंद उघडला. ते जरा जास्त झालं आणि फुगा सेकंदाला ०.६ मीटरने उतरू लागला. मेमध्ये इथेच सगळं संपलं होतं. या वेळी चकतीच्या चार फेऱ्या झाल्या, ४० ग्रॅम मोहरी पडली, अर्ध्या मिनिटात उतरणं थांबलं आणि फुगा ०.८ ने वर निघाला! गाडीत आरडाओरडा झाला तो या क्षणी. फुगा पहिल्यांदा थांबला तेव्हा सगळे गप्पच होतो.

ओरडून झाल्यावर मी वर्गमुळाचं गणित उलटं लावून पाहिलं. ०.६ ने उतरणं म्हणजे फक्त १४ ग्रॅमची तूट. साडेचार मीटरहून जास्त व्यासाचा, साडेतीन किलोचा सगळा पसारा एक-दीड मोठा चमचा मोहरीच्या फरकाने खाली येत होता, आणि आम्ही त्यावर मूठभर टाकली होती. मग व्हॉल्व्हला ते २६ ग्रॅम जास्त वाटले. त्याने पाच सेकंद उघडून सुमारे ३३ ग्रॅमची उचल घालवली. फुगा पुन्हा खाली, मोहरी पुन्हा ४० ग्रॅम. व्हॉल्व्ह आणि बाटली एकमेकांचं केलेलं पुसत होते, दोन्हींचा साठा मात्र संपत चालला होता. ९ वाजून ४ मिनिटांनी आम्ही रेडिओवरून स्वयंचलित प्रोग्राम बंद केला आणि पुन्हा उतार लागला तेव्हा हाताने दोन फेऱ्यांचा आदेश पाठवला. २० ग्रॅम. त्यानंतर २६ मिनिटं वेग अधिक-उणे ०.२ च्या आत राहिला. माझ्या मते या उड्डाणातला सगळ्यात मोलाचा भाग ही २६ मिनिटं.

९ वाजून ३६ मिनिटांनी, ठरल्याप्रमाणे, तारेला वीज देऊन, ती तापवून, फुगा आणि पेलोड जोडणारी दोरी कापली. मेमध्ये रेडिओच्या टप्प्याबाहेर गेल्याने दोरी कापताच आली नव्हती. आता सोबत स्वतंत्र घड्याळही आहे, आदेश पोचला नाही तरी ठरल्या वेळी कापणारं. तरंगताना फुगा खरोखरच पश्चिमेकडे २० किलोमीटर माघारी आला होता. पॅराशूटवर उतरताना पेलोड पुन्हा पूर्वेला सरकला आणि जाताना ज्या कोलोवरून गेला होता त्याच गावाच्या दक्षिणेला सोयाबीनच्या शेतात पडला. शेजारच्या तुकड्यात डोक्याहून उंच मका उभा होता. तिथे पडला असता तर दिवस गेला असता. घरी जाऊन शेतकऱ्याची परवानगी घेतली. त्यांनी स्वतः येऊन ओळींमधून कसं चालायचं ते दाखवलं.

पुढच्या उड्डाणासाठी: मोहरीचा एक हप्ता १० ग्रॅम, फुगा थांबल्यानंतर व्हॉल्व्ह एका वेळी फक्त एक सेकंद, आणि वेग ०.४ च्या आत असेल तर दोघांनीही काही करायचं नाही. परत आल्यावर बाटली वजन करून पाहिली. दहा फेऱ्या झाल्या होत्या, म्हणजे १५० ग्रॅम उरायला हवी होती; निघाली १४३. चकतीचं भोक अर्ध्या मिलिमीटरने लहान करून नवी चकती थ्रीडी प्रिंटरवर छापायला टाकली आहे.