एक्झिटची टाळी

सोमवार, रात्री

बोलायचं नाही आणि कुजबुजायचंही नाही. कुजबुजल्यानं घसा उलट जास्त ताणला जातो म्हणे. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्या वेळी मी कुजबुजतच ‘बरं’ म्हणाले. घरात सगळे मजेत आहेत. सासूबाईंनी माळ्यावरून लेकाची जुनी पाटी काढून दिलीय, काय हवं ते लिहून दाखव म्हणून. पण हे पाटीवर मावणारं नाही.

काल शिवाजी मंदिर थिएटरला आमच्याच नाटकाला गेले. जाऊ नकोस असं सगळ्यांनी सांगितलं होतं. दुपारी 4 चा प्रयोग, माझ्या जागी आत्या करायला छोटी. मी बाल्कनीत अगदी मागे, तोंडाला स्कार्फ, कुणी ओळखू नये म्हणून. (जसं काही ओळखणारच होतं कुणी.) दुसऱ्या अंकात आत्या किल्ल्यांचा जुडगा टीपॉयवर ठेवते, ‘गॅस बंद केलाय, बाकीचं तुम्ही बघा’ म्हणते, दाराशी जरा थांबते आणि जाते.

टाळी आली.

तिथेच आली. तेवढीच आली. आधी ती नेहमीची शांतता, मग कुठून तरी एक जण, मग सगळं थिएटर. मी वाजवली नाही. हातात पर्स होती.

छोटीनं चांगलं केलं. हे एकदा लिहून टाकते म्हणजे परत लिहायला नको. उच्चार स्वच्छ, पाठांतर चोख. संहिता हातात पडल्यापासून प्रयोगापर्यंत तिला वेळ तरी किती मिळाला! पदर जरा जास्त सावरते, ते जाईल हळूहळू. तिच्यावर राग नाही. मग रात्रभर कूस का बदलत होते, तेच कळत नाहीये.

म्हणजे कळतंय. ती टाळी माझी होती ना?

नाटक उभं राहिलं तेव्हा ती नव्हतीच. शुभारंभाच्या प्रयोगाला त्या वाक्यावर कुणीतरी खोकलं, एवढीच काय ती दाद. तालमीत सर म्हणायचे, मागे वळून बघू नकोस, आत्या गेली म्हणजे गेली. मी बघायचे. मग बघणं सुटलं, पण मान वळायचीच, ती सोडवण्यात बरेच प्रयोग गेले. मग किल्ल्या. त्या ठेवताना वाजल्या तर लोकांचं लक्ष आवाजाकडे जातं आणि वाक्य पडतं. अजिबात वाजल्या नाहीत तर ठेवल्याचंच कळत नाही. शेवटची एकच किल्ली टीपॉयला लागली पाहिजे, तीही जुडगा सुटता सुटता. त्यासाठी जेवणाच्या टेबलावर किल्ल्या ठेवून ठेवून मी घरच्यांचं डोकं उठवलंय. आणि ‘बाकीचं’च्या आधीचा श्वास. तो घेतला की वाक्य रडकं होतं, नाही घेतला की तुसडं. अर्धा घ्यायचा. अर्धा श्वास म्हणजे काय, ते मला अजूनही कुणाला समजावता येणार नाही.

आणि एका रात्री सांगलीला, भावे नाट्यमंदिरात, ध्यानीमनी नसताना ती आली. मी विंगेत पोचले होते. अण्णा पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते, म्हणाले, ‘घ्या, नाट्यपंढरीचा प्रसाद.’ 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटकाचा नारळ फोडला, त्या गावात माझी पहिली एक्झिटची टाळी. बसमध्ये सगळे घोरत होते आणि मी खिडकीशी टक्क जागी. नंतर ती येतच राहिली. नाशिकला आली, चिपळूणला आली, डोंबिवलीत तर लवकरच आली.

जुनी मंडळी सांगतात, एंट्रीची टाळी नावाला असते आणि एक्झिटची कामाला. काशिनाथ घाणेकरांना एंट्रीलाच टाळ्या पडायच्या. जाहिरातीत सगळ्यांच्या शेवटी ‘आणि’ लावून त्यांचं नाव यायचं. माझं नाव जाहिरातीत असतं, भिंग असेल तर दिसतं. मी एंट्री घेते तेव्हा लोक अजून मोबाइल बंद करत असतात. तेव्हा माझी काय ती कमाई म्हणजे ती एक्झिट. तीसुद्धा जर कुणीही आत्या होऊन उचलू शकत असेल, तर मी इतकी वर्षं नेमकं करत काय होते?

एरवी हातात राहतं काय? पुण्याचा रात्री 9.30 चा प्रयोग सुटायला बारा वाजून जातात. सेट उतरतो, मघाचा दिवाणखाना फळ्या-फळ्यांनी टेंपोत चढतो. कुठल्या तरी धाब्यावर गार पोळ्या. मग द्रुतगती मार्ग. त्या रस्त्यावर मला झोप लागत नाही. 12 फेब्रुवारी 2001 ला अभिनेत्री भक्ती बर्वे वाईचा कार्यक्रम करून मुंबईला परतताना याच रस्त्यावर अपघातात गेल्या. त्याबद्दल आज नको. पहाटे घरी, आणि दहाला बँकेत, काजळ पुरतं न निघालेले डोळे घेऊन. लेकाच्या दहावीच्या निरोपसमारंभाला मी सोलापुरात होते. ह्यांनी फोटो पाठवले होते. असो.

नाटकाच्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला होता शुक्रवारी. त्यांनी मला बालगंधर्वांची गोष्ट ऐकवली. 12 मार्च 1911, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी पोटची मुलगी गेली आणि तरीही बालगंधर्व नायिका भामिनी होऊन उभे राहिले. मी ऐकत होते. दुसरं काय करणार, बोलता येत नव्हतं. माझा नुसता घसा बसलाय, मला शरमेनं मेल्यासारखं झालं. गोष्ट संपवून ते लगेच म्हणाले, ‘पण ताई, तुम्ही आराम करा हं, छोटी तयार आहे.’ मग गोष्ट कशाला सांगितली?

आज बँकेत काउंटरवर बसता येईना म्हणून साहेबांनी मागे व्हाउचरं तपासायला बसवलं. व्हाउचरं बघता बघता एकदम डोक्यात आलं, की काल मी टाळी ऐकण्याच्या नादात जे डोळ्यांसमोर घडलं त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

टाळीआधीची ती शांतता. विंगेत मला ती नेहमी ऐकू यायची आणि वाटायचं, लोक अजून माझ्या पाठीकडे बघताहेत. पण मी तर तोवर गेलेली असते! रंगमंचावर आत्या नसतेच. मग बघतात कुणाकडे?

काल पाहिलं ते आज आठवून आठवून जुळवलं. छोटी दाराबाहेर जाते. दिवाणखान्यातला उजेड उतरत जातो, कोपरे जातात, सोफा जातो, आणि फक्त टीपॉयवरच्या किल्ल्यांपुरता राहतो. त्या उजेडात सोबत काम करणाऱ्या दादांचा हात येतो. किल्ल्यांपाशी थांबतो. न उचलताच मागे जातो. तेव्हा टाळी येते.

मला कुणी सांगितलं नाही! इतक्या बसा, इतके चहा, एकमेकांच्या डब्यातल्या चटण्या खाल्ल्या आम्ही. आणि मी दर वेळी विंगेत उभी राहून ती टाळी घ्यायची, अण्णांकडे बघून मान लववायची. देवा.

लाइटवाल्या पोरीला तिथूनच मेसेज केला. उत्तर आलं: ‘अहो ताई, सांगलीपासून करतोय की! त्या रात्री मला जाम झोप येत होती, फेडला हात फार हळू चालला. लाइट जाईचना म्हणून दादांनी काहीतरी करायचं म्हणून हात पुढे केला. टाळी आली. सर म्हणाले, ठेवा.’

म्हणजे मान मी सोडवली, श्वास मी अर्धा केला, आणि टाळी त्या पोरीच्या झोपेला. हसायलाही बंदी आहे. व्हाउचरांत तोंड खुपसून बसले, खांदे हलत होते. साहेबांना वाटलं रडतेय, त्यांनी शिपायाला चहा आणायला सांगितलं.

तरीही. ती शेवटची किल्ली वाजली नसती तर लोकांनी टीपॉयकडे पाहिलं असतं का? नसतं पाहिलं. उजेड कितीही हळू जाऊ दे, जिथे कान गेले तिथेच डोळे जातात. म्हणजे थोडी माझीच. पण छोटीचीही वाजली होती, बरोब्बर, मी बाल्कनीतून कान देऊन ऐकली. तिला शिकवली कुणी? मीच, शनिवारी, खाणाखुणांनी, ह्यांच्या स्कूटरच्या किल्ल्या घेऊन. अर्धा श्वास मात्र तिला जमलेला नाही. ‘बाकीचं तुम्ही बघा’ तिनं तुसडं म्हटलं. आणि टाळीला त्यानं काडीचा फरक पडला नाही. हे लिहिताना मघाइतकं लागत नाहीये, पण लागतंय.

पुढच्या रांगांची तिकिटं 500 ची असतात. त्यांना काय मिळतं, माझा श्वास की त्या पोरीचा फेड की दादांचा हात, हे त्यांना वेगळं काढून कशाला हवंय? हे पटतं. मग मलाच का हवंय?

संध्याकाळी सासूबाईंना पाटीवर लिहून दाखवलं: टाळी माझी नाही, किल्ल्यांची आहे. त्यांनी चष्मा लावून वाचलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ‘किल्ल्या माझ्या कपाटाच्या आहेत. म्हणजे निम्मी नाइट मला यायला हवी.’ प्रॉपर्टीवाल्यानं आणलेला जुडगा प्लॅस्टिकसारखा वाजायचा म्हणून मीच त्यांच्या माहेरच्या कपाटाच्या किल्ल्या तालमीला नेल्या होत्या. कपाट कधीच मोडीत गेलं. नाइटचा, म्हणजे एका प्रयोगाच्या मानधनाचा, आकडा मी त्यांना सांगितला नाही. निम्मी घेऊन त्यांना रिक्षाही परवडायची नाही.

आत्ता, झोपायच्या वेळेला, छोटीचा मेसेज. ‘ताई, कालचं कसं वाटलं? खरं सांगा हं. बाकीचंच्या आधी काहीतरी चुकतंय माझं, काय ते कळत नाहीये.’

तिला कळलंय! थिएटरभर लोकांना कळलं नाही, टाळीला कळलं नाही, आणि तिला कळलंय. मी तिला श्वासाबद्दल हे एवढं मोठं लिहिलं, कुठे घ्यायचा, कुठे तोडायचा, पोटात किती, घशात किती. वाचून पाहिलं. पुसलं. परत लिहिलं. डॉक्टर गुरुवारी घसा बघणार आहेत. शनिवारी रात्री पुण्याला बालगंधर्व रंगमंदिर, रविवारी 12.30 ला पुन्हा तिथेच, आणि पुणेकर टाळी मोजूनमापून देतात.

शेवटी एवढंच पाठवलं: ‘छान झालं. शनिवारी मी आहे. विंगेत उभी राहून ऐक.’