जेम्स, याकूब आणि याकोब

बाई सकाळी साडेनऊलाच चर्चच्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. "सलाम, पाळकसाहेब," म्हणत त्यांनी पिशवीतून तीन कागद काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पैठण तालुक्यातली दोन एकर सव्वीस गुंठे जमीन, अजून आजोबांच्याच नावावर. वडील गेले, वारसाची नोंद करायची राहिली होती. 1954 च्या खासरा पाहणीत, म्हणजे जमिनीच्या जुन्या महसुली नोंदीत, नाव होतं 'याकूब वल्द धोंडिबा', म्हणजे धोंडिबाचा मुलगा याकूब. आमच्या चर्चने पूर्वी दिलेल्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर 'जेम्स'. तिसरा कागद म्हणजे कबरीवरच्या दगडाचा फोटो, त्यावर 'याकोब'. तलाठ्यांनी कागद पाहिले आणि सांगितलं, ही तर तीन माणसं दिसतात.

"दाखल्यावर सरळ याकूब लिहून द्या ना. एका नावाचाच तर प्रश्न आहे."

ते करता येत नाही, आणि का येत नाही हे त्यांना समजावून सांगणं मला गरजेचं वाटलं. दाखला म्हणजे नोंदवहीचा उतारा. वहीत जे अक्षर आहे तेच कागदावर उतरतं. आज कळवळ्यापोटी एक नाव बदललं आणि उद्या कुणी हरकत घेऊन मूळ वही मागवली, तर दाखलाही खोटा ठरतो आणि खरा वारसही अडकतो. वहीत खोडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही, वरून गिरवायचं नाही. खुलासा द्यायचाच तर समासात, तारीख आणि सही करून.

जुनी वही काढली. आमचं चर्च मूळचं अँग्लिकन मिशनचं. 29 नोव्हेंबर 1970 ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आलं, पण आधीच्या वह्या इंग्रजीतच आहेत. रकाने ठरलेले: बाप्तिस्म्याची तारीख, जन्म 'सांगितल्याप्रमाणे', नाव, लिंग, आईवडिलांची नावं, राहण्याचं गाव, धंदा, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही. त्यातला 'सांगितल्याप्रमाणे' हा शब्द महत्त्वाचा. ही वही बाप्तिस्म्याचा पुरावा आहे, जन्मतारखेचा पक्का पुरावा नाही, आणि लोक नेमकं तेच विसरतात. नोंद सापडली: 25 जुलै 1937, जेम्स, वय सांगितल्याप्रमाणे वीस, बाप धोंडिबा, गाव तेच, धंदा शेतमजुरी. आडनावाचा रकाना कोरा.

तारीख पाहिली आणि कोडं निम्मं सुटलं. 25 जुलै हा जब्दीचा मुलगा प्रेषित याकोब, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, याचा सण, आणि त्या वर्षी तो रविवारी आला होता. सणाच्या दिवशी बाप्तिस्मा घेणाऱ्याला त्या प्रेषिताचं नाव देण्याची रीत जुनीच आहे. आता भाषेचा भाग. हिब्रू याकोव, ग्रीकमध्ये इयाकोबोस, लॅटिनमध्ये इयाकोबुस, पुढे बोलीत इयाकोमुस, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत जेम्स. इंग्रजी बायबल जुन्या करारातल्या कुलपित्याला, म्हणजे इस्राएलच्या मूळपुरुषाला, जेकब म्हणतं आणि नव्या करारातल्या प्रेषिताला जेम्स. मराठी बायबलात दोघेही याकोब, उर्दूत दोघेही याकूब. सण प्रेषिताचा, म्हणून इंग्रजी वहीत जेम्स लिहिलं गेलं. घरीदारी हाक मराठीत, ती याकोब. निजामाचं राज्य 17 सप्टेंबर 1948 ला गेलं, तरी महसुलाच्या कागदांतली उर्दूची वळणं एका दिवसात जाणार नव्हती. 'वल्द' राहिला तसा याकूबही राहिला. मराठवाड्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत योहान-जॉन, मरिया-मेरी-मरियम, शमुवेल-सॅम्युएल हा गुंता नेहमी निघतो. तिन्ही लिहिणारे आपापल्या भाषेत बरोबरच होते.

पण तलाठ्यांपुढे व्युत्पत्ती चालत नाही, कागद लागतो. म्हणून विवाहाची नोंदवही काढली. बाप्तिस्म्याच्या वहीत ज्याचं नाव तो स्वतः सही करत नाही. लग्नाच्या वहीत नवरा, नवरी आणि दोन साक्षीदार सह्या करतात. चार वर्षांनंतरच्या पानावर ओळ मिळाली. वरच्या ओळीत पाळकाच्या हातचं इंग्रजी 'जेम्स, धोंडिबाचा मुलगा'. खाली सहीच्या जागी निळ्या शाईत मोठाल्या, एकमेकांपासून सुटलेल्या मराठी अक्षरांत 'याकोब धोंडिबा'. 'ब'ची रेघ रकान्याबाहेर गेलेली. एकाच नोंदीत दोन्ही नावं, बापाचं नाव एक, गाव एक. बाईंनी आजोबांचं अक्षर कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या.

मग त्यांनीच विचारलं, "पाळकसाहेब, याकोब म्हणजे फसवणारा असं म्हणतात. मग बाप्तिस्म्याला हे नाव का दिलं असेल?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. याकोब म्हणजे टाच धरणारा. जुन्या करारातल्या याकोबाने जन्मताना जुळ्या भावाची, एसावाची, टाच धरली होती. आंधळ्या बापाने 'तू कोण?' विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'मी एसाव.' चोरलेल्या नावाने त्याने आशीर्वाद घेतला. पुढे यब्बोक नदीच्या काठी त्याची देवाशी रात्रभर झोंबी झाली, आणि आशीर्वाद मागताच तोच प्रश्न पुन्हा आला: तुझं नाव काय? या वेळी तो खरं बोलला, 'याकोब.' त्यानंतर त्याला इस्राएल हे नाव मिळालं. खरं नाव आधी सांगावं लागलं, नवं मागून आलं.

नाव बदललंच पाहिजे असा मात्र नियम नाही. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल ख्रिस्ती झाल्याबरोबर पौल झाला, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तेराव्या अध्यायापर्यंत तो शौलच आहे, आणि तिथेही 'ज्याला पौलही म्हणत' एवढंच येतं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नारायणच राहिले. पंडिता रमाबाईंना 1883 मध्ये मेरी रमा हे नाव मिळालं, तरी महाराष्ट्र त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखतो. पाणी ओततो ते 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने'. माणसाला तिथे त्याच्या नावाने हाक मारतात, आडनावाशिवाय. 'मी तुझे नाव घेऊन तुला हाक मारली आहे, तू माझा आहेस' या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या शब्दांचा अर्थ मला तिथे दर वेळी नव्याने कळतो.

बाईंना दोन उतारे दिले, बाप्तिस्म्याचा 'जेम्स' आणि विवाहाचा, सहीतल्या 'याकोब'सकट. सोबत लेटरहेडवर वेगळं पत्र: ही दोन्ही नावं ख्रिस्ती परंपरेत एकाच नावाची रूपं आहेत, आणि उर्दूतलं रूप याकूब. कुणीतरी त्यांना राजपत्रात नाव बदलून घ्या म्हणून सांगितलं होतं. ते जिवंत माणसासाठी. गेलेल्याचं नाव बदलायचं नसतं, तो एकच होता हे दाखवायचं असतं. त्यासाठी वारसांचं प्रतिज्ञापत्र, त्यात तिन्ही नावं 'ऊर्फ' लावून, बापाचं नाव आणि गाव प्रत्येक कागदाशी अक्षरशः जुळवून. पहिल्या मसुद्यात धोंडिबाचा 'धोंडीराम' झाला होता. तो वाचून परत पाठवला, नाहीतर चौथा माणूस उभा राहिला असता.

तेव्हापासून बाळाच्या बाप्तिस्म्याआधी मी जन्मदाखला मागतोच. त्यावर नाव नसेल तर आधी ते घाला म्हणतो: बारा महिन्यांपर्यंत फी नाही, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. आणि जन्मदाखल्यावर आहे तेच नाव, त्याच अक्षरांत, वहीत लिहितो.

फेरफाराची पंधरा दिवसांची नोटीस हरकतीविना गेली. 'याकूब ऊर्फ याकोब ऊर्फ जेम्स वल्द धोंडिबा' अशी नोंद मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर केली. 1937 च्या पानावरचं जेम्स तसंच आहे. समासात फक्त एक ओळ वाढली: 'विवाह नोंदवही पाहा', पान, क्रमांक, तारीख, सही.