धारवाल्याचं दुकान, स्कीचा धंदा : आमची वाटचाल

लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की औरंगाबादला, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरला, बर्फ कुठं पडतो. नाही पडत हो, आमच्याकडं गारा पडल्या तर पंचनाम्याला तलाठी येतो. पण स्की म्हणजे बर्फावर घसरायच्या फळ्या, त्यांच्या एजला, म्हणजे कडेच्या पोलादी पट्टीला, धार लावायला बर्फ लागत नाही, हात लागतो, आणि तो हात वाळूजच्या शेडमधे आहे.

आमचं मूळ काम टूल अँड कटर ग्राइंडिंग, म्हणजे कारखान्यातल्या धातू कापायच्या हत्यारांना धार लावणं. 1985 ला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, मागून त्याला सुटे भाग पुरवणारे व्हेंडर लोक आले आणि त्यांचे बोथट झालेले रीमर, एंड मिल, ब्रोच धार लावायला आमच्यासारख्यांकडं यायला लागले. मी 1994 ला एक जुनी मशीन घेऊन शेड भाड्यानं घेतली, पार्टनर मामू. मामूचे वडील शहागंजात कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचे, मामूनं तेच हात घेऊन फिटरचं काम शिकलेलं. आमची पार्टनरशिप कागदावर कधीच नव्हती, अजून नाही.

स्की आली माझ्या मेव्हण्यामुळं. तो फौजेत, गुलमर्गला काही वर्षं होता, 2010 च्या दिवाळीला सुट्टीवर येताना कुणाच्या तरी दोन जोड्या घेऊन आला. म्हणला, दाजी, जानेवारीत उत्तराखंडात औलीला साउथ एशियन विंटर गेम्स आहेत, तिथं दोस्त लोकांबरोबर जायचंय, पण ह्या फळ्या कडक बर्फावर धरतच नाहीत, बघा काही होतंय का. मी पाहिलं, काळ्या प्लास्टिकच्या बेसला दोन्ही कडेनं पोलादाची बारीक पट्टी, तिचा कोपरा गोल झालेला. म्हणलं हे काय काम आहे का, रोज हायस्पीड स्टीलला धार लावणारी माणसं आम्ही.

आणि पहिलीच जोडी जाळली. व्हाइट व्हीलला, म्हणजे मशीनच्या ग्राइंडिंगच्या चाकाला लावली, पाच सेकंदात एज निळी. पोलाद निळं पडलं म्हणजे पाणी गेलं, कडकपणा गेला, हे तुम्हाला माहितीच आहे, पण इथं दुसरं दुखणं, एजच्या खाली गोंद असतो, तो तापला की पट्टी बेसपासून सुटते. मामूनं स्की माझ्या हातातून काढून घेतली, म्हणला, "मियाँ, ये कटर नईं है, नरम लोहा है, इसको मशीन नक्को, फाईल होना." त्याचं खरं होतं, एजचं पोलाद कटरच्या मानानं मऊच, साधी चांगली फाईल, म्हणजे कानस, त्याला खाते. फक्त जिथं दगड लागलेला असतो तिथं तेवढाच ठिपका घासून तापून काचेसारखा कडक होतो, त्याच्यावर फाईल नुसती घसरते आणि फाईलचे दातही जातात. तिथं आधी डायमंड स्टोन, मग फाईल. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, दोन फाईली वाया घालवून शिकलो.

मग कोन. बेसकडून 1 अंश, साइडनं 2, कडक बर्फाला 3 पण चालतो. बाजारातलं प्लास्टिकचं गाइड बघून मामू हसला होता. आम्ही ईएन 8 पोलादाचा तुकडा घेऊन साइन बारवर, म्हणजे कोन मोजायच्या पट्टीवर, कोन काढून 88 आणि 87 अंशाचे (काटकोनातून 2 आणि 3 वजा) दोन गाइड बनवले, हार्डन केले, ग्राइंड केले, आज पंधरा वर्षं झाली, अर्ध्या अंशाचाही फरक नाही. त्याच्यात आठ इंची मिल फाईल बसते, ती एकाच दिशेनं ओढायची, मागंपुढं घासायची नाही, दर दोन ओढीनंतर ब्रश, कारण एक कण अडकला तरी एजवर चरा. शेवटी बर, म्हणजे धारेवर उरलेली लोखंडाची बारीक किनार, काढायची. बर राहिली तर हाताला धार लागते, बर्फावर पहिल्या दहा वळणात मोडून जाते आणि गिऱ्हाईक म्हणतो धार टिकली नाही.

मेव्हण्यानं त्या फळ्या औलीला नेल्या आणि तिथल्या एका इन्स्ट्रक्टरनं त्या पायात घालून पाहिल्या. ते आमचे मास्टरजी. नाव लिहू नका म्हणाले म्हणून लिहीत नाही. त्यांचा फोन आला, भाईसाहब, ये धार किसने लगाई. तिथून धंदा. मास्टरजी जुन्या जोड्या विकत घ्यायला लावायचे, आम्ही दुरुस्त करून सचखंड एक्स्प्रेसच्या पार्सलनं दिल्लीला टाकायचो, पुढं ऋषिकेशवरून ट्रकनं जोशीमठ, औलीच्या खालचं गाव. प्रत्येक जोडीवर पांढरी टेप लावून परत निरोप यायचा, "टेल (शेपूट) छोड़ती है", "दायीं ठीक, बायीं मरी हुई". ह्या टेपा मी वहीत चिकटवून ठेवल्यात. चार वर्षं आम्ही एकमेकांना पाहिलं सुद्धा नव्हतं. 2012 ते 2015 बरं चाललं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं 2016 आहे.

त्या वर्षी मराठवाड्याचं काय झालं होतं ते आठवा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. एमआयडीसीत पण पाणीकपात, व्हेंडर लोकांची कामं ढिली, कटर यायचे बंद. मी म्हणलं आता स्कीच मोठी करायची. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं मोबाईलवर फोटो पाठवले, 140 जोड्या, सगळ्या ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणाऱ्या, एका परदेशी रेंटल दुकानाचा माल, साडेपाच हजारानं. 7 लाख 70 हजार. मामू म्हणला फोटोत एज दिसत नाही. मी म्हणलं टॉपशीट, म्हणजे फळीची वरची बाजू, बघ ना कसं चकाकतंय. हे वाक्य मामू मला अजून महिन्यातून एकदा ऐकवतो. पतसंस्थेचं कर्ज काढलं, बायकोचं सोनं ठेवलं, ऑगस्टमधे माल आला.

अर्ध्या जोड्यांची कंबर 108 मिलिमीटर. कंबर म्हणजे पायाखालची रुंदी, आपल्याला माहितीये, पण नवीन लोकांनी पण वाचावं म्हणून लिहितो. 108 ची फळी ताज्या भुसभुशीत बर्फात तरंगते, तिथं ती राणी. पण औलीला दुपारी वितळलेलं रात्री गोठतं आणि सकाळी आठला उतार फरशीसारखा होतो. तिथं रुंद फळी एका एजवरून दुसऱ्या एजवर जायला वेळ घेते आणि गुडघ्याला मार. वर टोकाला लांब रॉकर, म्हणजे टोक आधीपासूनच वर वळलेलं, 180 सेंटीमीटरची फळी पण कडक बर्फाला टेकणारी धार किती तरी कमी. उरलेल्या अरुंद होत्या, 80-82 च्या, त्या बघून जीवात जीव आला, तर त्यांची एज घासून घासून कित्येकांची मिलिमीटरभरसुद्धा उरली नव्हती. नवीन फळीला जवळपास दोन मिलिमीटर असते. रेंटलवाले रोज मशीनवर धार लावतात आणि एज संपली की लॉट काढतात, हे मला, धारवाल्याला, कळायला नको होतं का.

मास्टरजींना 40 जोड्या पाठवल्या, सगळ्या परत. "ये पाउडर वाली है, सुबह बच्चे फिसलेंगे." पार्सलचं भाडं आमच्याच अंगावर. आणि 8 नोव्हेंबरला नोटाबंदी, ऐन सीझनच्या तोंडावर. आमचा सगळा व्यवहार रोखीचा. डिसेंबरमधे पतसंस्थेचा माणूस शेडमधे येऊन बसायला लागला, चहा प्यायचा, जायचा, काही बोलायचा नाही, त्याचंच जास्त वाटायचं. रात्री झोप नाही. मशीन विकायला काढली होती, गिऱ्हाईक पण बघून गेलं.

मामूनं मशीन विकू दिली नाही. त्याच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे होते, त्यातले दोन लाख आणून टेबलावर ठेवले, रिश्ता अगले साल भी मिलता, म्हणला. आणि मास्टरजींनी न मागता 40 हजार ॲडव्हान्स पाठवला, पुढच्या सीझनच्या धारेचा, म्हणजे अजून न आलेल्या बर्फाचा. रुंद जोड्या गुलमर्गला एका भाड्यानं देणाऱ्याला तोट्यात दिल्या, तिथं अफरवटच्या डोंगरावर त्यांचं काम आहे. अरुंदमधल्या 27 जोड्यांची एज बऱ्यापैकी जाड होती, पण त्यांना दुसराच रोग, बेसकडचा कोन कुणी तरी 2 अंशाच्या पुढं नेलेला. हा रोग डोळ्याला दिसत नाही. साइडनं कितीही वस्तरा करा, फळी जास्तीची कलल्याशिवाय धार बर्फाला लागतच नाही, आणि लागते तेव्हा एकदम लागते, माणूस आडवा. उपाय एकच, अख्खा बेस खाली आणायचा. आमच्या सरफेस ग्राइंडरचा बेड दीड फुटाचा, फळी पावणेसहा फुटाची. मामूनं ट्रू बार (सपाटी बघायची सरळ पट्टी) आणि स्क्रेपर घेऊन हातानं बेस उतरवले, उजेड मारून बघायचा, परत उतरवायचा, तीन महिने, 27 जोड्या. त्या 27 वर आम्ही वाचलो.

आता आमच्याकडं कामाला असलेल्या त्या पोराबद्दल. लिहू नको असं घरचे म्हणतात.

तीन वर्षं आमच्याकडं होता, मला काका म्हणायचा, दुपारचा डबा आमच्याच घरचा खायचा. पतसंस्थेचा माणूस येऊन बसायला लागला त्याच महिन्यात गेला, बरं गेला तर गेला, जाताना गिऱ्हाइकांची वही मोबाईलमधे काढून नेली. आता पुण्यात दुकान, व्हिडिओ बनवतो, नखाची टेस्ट स्वतःच्या नावावर सांगतो. ती टेस्ट मामूच्या बापाची आहे, कात्रीवरची! नख एजवर आडवं ओढायचं, पांढरा कीस निघाला तर धार आहे. आणि माल काय विकतो, तर बेसच्या खड्ड्यात पी-टेक्स, म्हणजे बेसचंच प्लास्टिक, वितळवून भरलेलं, खालचं साफ न करता, दोन रनमधे निघून येतं, वरून जाड मेणाचा चकाकता थर, आणि एज कागदाएवढी. आमच्यापेक्षा तीन हजार स्वस्त. लोक तिकडं जातात. जाऊ द्या.

मागच्या डिसेंबरात एक मुलगा त्याच्याकडची जोडी घेऊन आमच्याकडं आला, धार लावून द्या म्हणला. मी दाखवलं त्याला, बाबा रे, इथं धार लावायला लोखंड कुठंय. आता सांगतोच, फुकट आहे, कुणी विचारलेलं नाही तरी. कडक बर्फासाठी जुनी ऑल-माउंटन घेताना कंबर 75 ते 88 च्या आत बघा, टॉपशीटवर तीन आकडे असतात त्यातला मधला, त्याच्यापुढं वळणाचा रेडियस असतो, तो 14 ते 17 मीटर असला की मधलं काम होतं. दोन्ही फळ्या बेसला बेस लावून धरा, मधे फट दिसली पाहिजे आणि दाबल्यावर बंद होताना हाताला ताकद लागली पाहिजे, फट नाही म्हणजे कॅम्बर, फळीची मधली कमान, मेला, अशी फळी पायाखाली धरत नाही. टोकाकडं दोघी जिथून फाकायला लागतात तिथपर्यंतच तुमची धार, पुढची लांबी शोभेची. टोक आणि शेपूट धरून पिळून बघा, कपडा पिळतो तसं, सहज पिळली तर कडक बर्फावर सुटणार. आत टायटॅनलचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे पत्रे असलेली फळी जड लागते पण थरथरत नाही, अंगात ताकद असेल तर तीच घ्या, अगदी शिकाऊ असाल तर नको, ती तुम्हालाच घेऊन जाईल. टॉपशीटवर रुपयाचं नाणं वाजवत जा, एखाद्या जागी आवाज पोकळ आला तर थर सुटलेत. वरचा तांबडा गंज चालतो, स्टोननं जातो, खड्डे पडलेला गंज चालत नाही. आणि एजला आडवी भेग, त्यातल्या त्यात पायाखाली, असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका.

बाइंडिंगवर, म्हणजे बूट फळीला धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या कडीवर, लोक बघतच नाहीत, आणि पाय तिथंच मोडतो. जुन्या भोकांच्या बाजूला परत भोकं पाडलेली असतील तर मोजा, मला दोनदापेक्षा जास्त बसवलेली जोडी घ्यायला आवडत नाही. बनवणारी कंपनी ज्या मॉडेलची जबाबदारी आता घेत नाही ते स्प्रिंग कितीही टाईट वाटलं तरी सोडा. नवीन बुटांचे गोल रबरी तळवे जुन्या बाइंडिंगला बसत नाहीत, बसल्यासारखे वाटतात, सुटायच्या वेळी सुटत नाहीत.

आमच्याकडच्यांसाठी एक वेगळं. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधे, गाडीच्या टपावर फळ्या ठेवू नका, 43 डिग्रीत बेस सुकून पांढरा पडतो, सीझन संपला की मेणाचा जाड थर द्या आणि खरवडू नका. पावसाळ्यात कापडी पिशवीत ओल्या ठेवल्या तर श्रावणापर्यंत एज गंजली समजा. माझ्याच बारा जोड्या गेल्यात.

जानेवारी 2023 ला जोशीमठात जमीन खचली, औलीला जाणारा रोपवे बंद झाला, मास्टरजींच्या घराला पण भेग गेली. मी फोन केला, म्हणलं काही पाठवू का. म्हणाले, पैसे नको, 78 कंबरेच्या चार जोड्या पाठवा, पोरं रोडनं वर जातायत. पाठवल्या. त्यांनी पैसे चार दिवसात टाकले, मी परत टाकले, त्यांनी परत टाकले. शेवटी मी गप बसलो.

मामूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता फाईल माझा पोरगा ओढतो, मामू खुर्चीत बसून नुसत्या आवाजावर सांगतो, "उधर पत्थर लगा है, स्टोन मार पहले." वर्षाला साठ-सत्तर जोड्यांच्या वर घेत नाही, बाकी वेळ रीमर आणि कटर आहेतच.

यायचं असेल तर फोन करून या, आणि बूट घेऊन या. बुटाशिवाय नुसता नंबर सांगून बाइंडिंग सेट करून मागतात लोक, पुण्यात करून देतात म्हणे. आम्ही करत नाही.