आमची वाटचाल: दोऱ्यापर्यंत धार पोचू न देण्याची

वीतभर लांबीच्या, न मिटणाऱ्या सुऱ्यांसाठी आम्ही चामडी म्यानं शिवतो. दुसरं काही करत नाही. दोन टेबलं आणि तीन माणसं एवढाच आमचा व्याप.

पहिलं म्यान मी स्वतःच्या सुरीसाठी शिवलं होतं. चामड्याचा तुकडा मधोमध दुमडला, कड चिकटवली आणि शिवून टाकली. दिसायला देखणं झालं, पण महिनाभरात शिवण सुटली. उघडून पाहिलं तर दोरा उसवलेला नव्हता, कापलेला होता. सुरी आत-बाहेर करताना धार दर वेळी टाक्यांवर घासत होती. मधली पट्टी कशासाठी असते, ते तेव्हा समजलं. दोन थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, चामड्याचीच एक पट्टी बसवायची. धार तिला टेकते, दोऱ्यापर्यंत जात नाही. गिऱ्हाइकाने कितीही पातळ, हलकं म्यान मागितलं तरी ही पट्टी आम्ही गाळत नाही. कापलेल्या शिवणीतून बाहेर आलेलं टोक सरळ मांडीत शिरतं.

मग ओळखीच्यांनी म्यानं मागितली, त्यांच्या ओळखीच्यांनी मागितली आणि धंदा उभा राहिला.

चामड्याच्या निवडीत मात्र आम्ही चुकलो. सुरुवातीला पिशव्यांचं मऊ चामडं वापरलं. ते क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं होतं. ओलं करून दाबलं तरी ते आकार धरत नाही, आणि त्यात उरलेले क्षार पोलादाला बाधतात. एका गिऱ्हाइकाच्या कार्बन स्टीलच्या पात्यावर डाग पडले. पातं घासून दिलं, म्यान बदलून दिलं, उरलेलं चामडं बाजूला काढलं. तेव्हापासून झाडांच्या सालींत कमावलेलं, 3 मिमी जाडीचंच चामडं. तेही ओल धरतं, म्हणून प्रत्येक म्यानासोबत चिठ्ठी जाते: सुरी म्यानात घालून महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नका. पोलाद गंजतं, मुठीचं पितळ हिरवं पडतं.

काम वाढलं तेव्हा शिलाई मशीन घेतलं आणि काही महिन्यांत विकलंही. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतात. एक तुटला की शेजारचे टाके सैल पडत जातात. हाताच्या शिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर जातात. एखादा टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. शिवणीच्या चौपट दोरा लागतो, त्याला मेण लावावं लागतं, वेळ जातो. जाऊ दे. हे टेबल आता बायको सांभाळते. भोकं पाडायची आर जरा तिरकी गेली की मागची ओळ वाकडी होते, पण तिची मागची बाजू पुढच्याइतकीच सरळ येते. कापणं आणि कडा घोटणं धाकट्या भावाकडे.

आकार देण्याचं काम मी कुणाला देत नाही. शिवलेलं म्यान कोमट पाण्यात बुडवलं की बारीक बुडबुडे निघतात. ते थांबले की बाहेर काढायचं. सुरीला तेल लावून, प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून आत सरकवायची. मग मूठ जिथे संपते आणि पातं सुरू होतं, तिथे दोन्ही अंगठ्यांनी दाबत जायचं. ओलं चामडं गडद होतं, बोटाखाली मुठीचा उंचवटा हळूहळू वर येतो आणि हात काढला तरी तसाच राहतो. याच खळगीत सुरी अडकून राहते. नंतर दिवसभर सावलीत वाळवायचं. उन्हात किंवा गरम हवेत घाई केली तर चामडं आखडतं, कडक होऊन तडकतं. वाळल्यावर सुरी घालून म्यान उलटं धरतो आणि झटकतो. पडली तर ते म्यान गिऱ्हाइकाकडे जात नाही.

म्हणूनच सुरी हातात आल्याशिवाय आम्ही काम घेत नाही. फोटोत मुठीची जाडी कळत नाही. यापायी कामं हुकली आहेत, तरी नियम बदललेला नाही.

सध्या टेबलावर डावखुऱ्या माणसाचं म्यान आहे. त्याचा कागदी नमुना उलटा करून, कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा फासा दुसऱ्या बाजूला घेऊन चामडं कापून झालंय. उद्या मधली पट्टी चिकटवायची आहे.