एक किलो मटणात आठ पाहुणे

जर्मनीत डॉर्टमुंडला शिकायला आले तेव्हा पहिले सहा महिने मी कुणालाच घरी जेवायला बोलावलं नाही. भाडं आणि आरोग्यविमा भरला की हातात फार उरायचं नाही. पण ते मनाला लागायचं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरातून कुणी जेवल्याशिवाय गेलेलं मला आठवत नाही.

शेवटी आईला फोन केला. ती म्हणाली, "एक किलो आण, हाडाचं आण. रस्सा कशासाठी असतोय मग?"

लहानपणापासून खात आले, तरी कोल्हापुरी ताटातली ही काटकसर मला त्या दिवशी कळली. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवायचं. ते तिखट न घातलेलं पाणी, आमच्याकडचं 'अळणी', म्हणजे खरी दौलत. निम्म्याचा पांढरा रस्सा, निम्म्याचा तांबडा, आणि शिजलेल्या फोडींचं सुकं. एकाच पातेल्यातून तीन पदार्थ! मटण प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच फोडी येतं, पण रस्सा हवा तेवढा. घरीसुद्धा पाहुणे वाढले की आई मटण नाही, रस्साच वाढवायची.

इथं रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच तुर्की खाटकाकडून मानेचं मटण आणते. ते स्वस्त पडतं आणि पाण्याला चव देतं. नारळाचं दूध डब्यातलं. ते घातल्यावर खळखळ उकळू द्यायचं नाही, फुटतं. खसखस इथं निळसर काळी मिळते, तिनं पांढरा रस्सा राखाडी होतो. मी तीळ आणि काजूतुकडा वाटून घालते. तांबड्याला मात्र घरची कांदा-लसूण चटणीच लागते. आईनं उन्हाळ्यात केलेली बरणी मी जपून वापरते.

जर्मन मैत्रिणी येण्याआधी हमखास विचारतात, "काय आणू?" सुरुवातीला मी "काही नको" म्हणायचे. आपल्याकडं पाहुण्याला कुणी काही आणायला सांगतं का? पण इथं ते मनापासून विचारलेलं असतं, हे कळायला वेळ लागला. आता सरळ सांगते: एक पाव आणतेस? आणि माझ्याकडं चारच खुर्च्या आहेत, दोन घेऊन ये.

परवा आठजण होते. दोघं पलंगावर बसून जेवली. शेजारची तुर्की आजी पांढरा रस्सा वाटीनं प्यायली, आणि जाताना रिकामा डबा पुढं करून म्हणाली, नातवासाठी थोडा दे.